दारावरचं नवं

दादाने मंगळवारी भाताचं बी भिजत घातलं. बुधवारी ते उपसून पोत्यात भरलं, वर पेंढा टाकून दगड ठेवले. शनिवारी शाळा सुटल्यावर मी रोह्याहून गावी पोचले, तेव्हा त्याने पोतं सोडलं. बी रुजलं नव्हतं.

ही जून महिन्यातली गोष्ट, नव्वदचं दशक संपता संपता घडलेली. पण मला ती आठवते आश्विनात. परवा कोजागरीच्या आदल्या दिवशी रोह्याच्या बाजारात एक बाई पाटीत नवं घेऊन बसली होती. आंब्याची दोन पानं, एक झेंडू, कुरडूचा तुरा आणि भाताच्या चार लोंब्या, सुतळीने एकत्र बांधलेल्या. पूर्वी ही विकत घ्यायची वस्तू नव्हती. नवान्नाच्या दिवशी जो तो आपल्या शेतातल्या लोंब्या आणायचा आणि दाराला, जात्याला, देव्हाऱ्याला नवं बांधायचा. आता शेत नसलेलेही बांधतात, आणि शेत नसलेलेच जास्त आहेत. मी जुडी उचलली आणि भात कुठला म्हणून विचारलं. बाई म्हणाली, "भाताचा भात गो, अजून कुठला?" मी एक दाणा सोलला, दाताखाली धरून पाहिला. मागची माणसं खोळंबली. शेवटी जुडी घेतली, पण घरी आल्यावर दाराला न बांधता टेबलावर ठेवली. ज्या भाताची ओळख नाही तो दाराला कसा बांधायचा, असं मनात आलं. हे वाक्य माझं नव्हे, दादाचं. दादाला जाऊन आता आठ महिने झाले.

आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. शेत म्हणजे खारजमीन. एका अंगाला मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. मोठ्या उधाणाला पाणी बांधाला टेकायचं, कधी झिरपून आत यायचं. अशा जमिनीत कुठलाही भात तगत नाही. राता तगायचा. राता हा आमचा जुना वाण, तांबड्या तांदळाचा, उंच, लांब कुसळांचा. खारं पाणी पायाशी चार दिवस उभं राहिलं तर पिवळा पडायचा आणि पाणी ओसरलं की पुन्हा हिरवा व्हायचा. त्याची पेज फिकट गुलाबी दिसायची. तिच्या वासासाठी मी कितीतरी वेळा शब्द शोधला आहे. सापडलेला नाही.

बी राखण्याचं काम दादाचं. खळ्यावर आठ दिवस उन्हात वाळवायचं, दाणा दाताखाली कट्ट वाजला की वाळलं असं समजायचं, आणि मग मुडीत भरायचं. मुडी म्हणजे पेंढा घट्ट वळून केलेला गोल गठ्ठा, पोटात बी. ती चुलीच्या वर माळ्याला टांगलेली असायची. तिला धूर लागायचा, वारा लागायचा. आमच्याकडे रोपं काढून लावणी करत नसत. मोड आलेलं बी चिखलात फेकायचं, एवढीच पेरणी. म्हणून जूनमधला तो एक दिवस, पोतं सोडून पांढरे मोड बघायचा, आमच्या घरात सणासारखा असायचा. वहिनी पहिली मूठ देवापुढे ठेवायची.

मी रोह्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. घरात शिकलेली मी एकटीच. दादाने सातवीत शाळा सोडून बांध सांभाळला म्हणून मला पुढे जाता आलं. हे तो कधी बोलला नाही, मीही काढलं नाही. शनिवारी अर्धी शाळा झाली की नागोठण्यावरून पेणची एसटी धरायची, पिशवीत आठवड्याची वर्तमानपत्रं. दादाला वाचता यायचं. तरी तो पडवीत पाय पसरून बसायचा आणि म्हणायचा, "तू वाच गो बाय. तुझ्या तोंडून आयकलं का खरं वाटतं."

त्या जूनच्या आदल्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडाला, शेजारच्या भास्करने नवं बियाणं आणलं. भास्कर दादाच्या वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे शिफ्टला जायचा. शेतीला वेळ नाही, म्हणून लवकर तयार होणारा भात हवा होता. त्याचं शेत आमच्या वरच्या अंगाला, गोड्या पाण्याचं. पेणच्या एका दुकानातून चकचकीत पिशवी आली. आतलं बी गुलाबी होतं. औषध लावलेलं. ते पेरल्यावर भास्करचे तळहात दोन दिवस गुलाबी राहिले आणि मेंदी काढलेल्या नवरीसारखे ते तो सगळ्यांना दाखवत हिंडला. सांडलेलं बी टिपून त्याची एक कोंबडी मेली. दादाने आमच्या कोंबड्या आठ दिवस टोपल्याखाली ठेवल्या. बियाला लावलेल्या औषधाने ती मेली, भाताने नव्हे, असं मी सांगितलं. पिशवीवर विषाची खूणही होती. दादा म्हणाला, "बी आणि औषध येगळं कसं करायचं? ते तर एकाच पिशवीत हाय."

पिशवीवरचा मजकूर जवळजवळ सगळा इंग्रजीत. मी तो वाचून दाखवला. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: या पिकातलं धान्य पुढच्या वर्षी बियाणं म्हणून वापरू नये. दादाने ती दोनदा वाचायला लावली. संकरित बी म्हणजे काय, दुसऱ्या वर्षी ते पहिल्यासारखं का येत नाही, हे मी फळ्यावर शिकवते तसं शिकवलं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं की ज्याने बी केलं त्याने ही ओळ एवढी बारीक का लिहिली.

त्याच सुमाराला वर्तमानपत्रांतून वेगळ्याच बातम्या यायला लागल्या होत्या. एका जिवातला गुण काढून दुसऱ्यात घालता येतो. परदेशात अशी पिकं लोकांच्या ताटापर्यंत गेली, आणि खाणाऱ्याला सांगावं की नाही यावर वाद चालू आहे. असं बी निघतंय की त्याचं धान्य पुन्हा रुजणारच नाही. आपल्याकडे कुठे चाचण्या चालल्या आहेत, कुठे शेतकरी ती शेतं उपटतायत. मी या बातम्या कापून एका वहीत चिकटवत होते. रोह्याला राहणाऱ्या माणसाला असा संशय शिकवावा लागत नसे. वारा फिरला की कारखान्यांकडून वास यायचा, आणि विचारायला गेलं की सगळं नियमात आहे असं सांगायचे. नियमात होतं, वासही होता.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी संध्याकाळी मी त्यातला एक मोठा लेख पडवीत वाचला. दादा, वहिनी, भास्कर ऐकत होते. माशातला गुण भाजीत घालायचा प्रयोग ऐकून भास्कर म्हणाला, "बरंच झालं की. भातातच मासळी आली तर वैनीला कालवण नको करायला." वहिनी पदर तोंडाला लावून हसली. भास्कर तिला आणखी काहीबाही चिडवत राहिला. दादा हसला नाही. समोर खळ्यावर आमचा राता वाळत पडला होता, तिसरा दिवस. पलीकडे भास्करच्या खळ्यावर नव्या भाताची झोडणी झालेली, आणि त्याचा भुसा वाऱ्याबरोबर आमच्याकडे येत होता. दादा तिकडे बघत होता.

"त्याचा वारा आपल्या बियाला लागला तर?" त्याने विचारलं.

मी सांगितलं की परागकण वाऱ्यावर जातात, काही पिकं त्याने मिसळतात, भात मात्र बहुतेक आपल्या आपल्या फुलातच फळतो. आणि मग, अर्धवट सांगणं मला जमत नाही म्हणून, हेही सांगितलं की या नव्या पिकांचं नेमकं काय होईल ते अजून कोणाला ठाऊक नाही असं लेखात म्हटलंय.

"मग मी काय करू?"

"वेगळं ठेव," मी म्हणाले. "वारा लागू देऊ नकोस."

कापून, झोडून खळ्यावर पडलेल्या दाण्याला फूल नसतं. त्यात पराग जातही नाही आणि त्यातून निघतही नाही. हे मला माहीत होतं. नववीतल्या मुलीने असं लिहिलं असतं तर मी गुण कापले असते. शिवाय भास्करचा भात म्हणजे साधं संकरित वाण असणार, वर्तमानपत्रातला तो दुसरा प्रकार नव्हे, हेही जवळजवळ ठाऊक होतं. तरी बोलले नाही. जवळजवळ आणि नक्की यांच्यामधल्या जागेत मी थांबले. जपून राहण्यात तोटा काय, असं मला त्या संध्याकाळी खरोखर वाटलं.

पुढच्या शनिवारी गेले तर माळ्याला मुडी नव्हती. दादाने त्याच रात्याचं बी तिसऱ्या दिवशीच खळ्यावरून उचललं होतं. खताच्या प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन, एकीत एक घालून, तोंड तारेने आवळून, मधल्या खोलीत फळीवर ठेवलं होतं. वहिनी म्हणाली, मुडी वळली असती तर बरं झालं असतं. दादा म्हणाला, मुडीला भोकं असतात. मी त्या पिशवीवर हात ठेवला आणि छान केलंस म्हणाले.

तो हिवाळा चांगला गेला असं मला आठवतं. रात्याची भाकरी, वालाच्या शेंगा, उन्हात पाठ शेकत बसणं. भास्करचा भात दुप्पट आला. त्याने तो सगळा पेणला पोह्याच्या गिरणीवर घातला आणि घरच्यासाठी दादाकडून राता मागून नेला. बदल्यात दोन दिवस बांधावर माती ओढली. वहिनीने विचारलं, "का रं, पिकवलंस तर खात का नाय?" तो म्हणाला, "पोरांचं प्वाट हाय वैनी, कंपनीचं नाय." तेव्हा आम्ही सगळे हसलो. मग महिन्याभराने रोह्यात दुकानदाराने खास पेणचे म्हणून पोहे बांधून दिले, मी ते केले, आणि माझे यजमान खात असताना एकदम लक्षात आलं की आपण न खाल्लेला भात असाच कोणाच्या तरी ताटात येतो. मी माझी बशी बाजूला सारली. यजमान म्हणाले, "चांगले झालेत." मी त्यांना सांगितलं नाही.

मी तालुक्याच्या कचेरीत पत्र टाकलं. या वाणात नेमकं काय आहे, ते कसं तयार केलं, खायला त्याची तपासणी झाली आहे का, आणि केली असेल तर कोणी, असे चार प्रश्न. बऱ्याच दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, की सदर वाण मान्यताप्राप्त आहे. काय आहे असं मी विचारलं होतं. परवानगी आहे असं त्यांनी सांगितलं. ते पत्र मी दादाला वाचून दाखवलं. त्याने त्याची घडी घातली. मग म्हणाला की लपवायला नसतं तर माणूस दोन ओळी लिहितो.

आणि मग तो जूनमधला शनिवार. पोतं सोडलं तेव्हा आंबूस वास आला. दाणे फुगलेले होते, काळपट, टोकाशी काही नाही. दादाने कोपरापर्यंत हात आत घातला, तळातली मूठ काढली, पाहिली, पुन्हा आत सोडली. देवापुढची वाटी वहिनीच्या हातात रिकामीच राहिली. भास्कर कुंपणापाशी येऊन उभा होता.

"दामू, माझ्यामुळं नाय रं," तो म्हणाला.

दादा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "लागला वारा."

त्यानंतर कित्येक वर्षं ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

त्या दिवशी निघताना मी दारावरचं नवं पाहिलं. आश्विनात दादाने बांधलेलं, त्याच शेतातल्या रात्याच्या लोंब्या. झेंडू वाळून काळा झाला होता, लोंब्या तशाच. आठ महिने उघड्यावर, भास्करच्या खळ्याकडून येणाऱ्या प्रत्येक वाऱ्यात. मी कोणाला न सांगता त्यातल्या दोन काढून घेतल्या. एका लोंबीचे दाणे शाळेच्या प्रयोगशाळेत ओल्या टिपकागदावर ठेवले. चौथ्या दिवशी त्यांना मोड आले. एक-दोन सोडून सगळ्यांना. बी मेलेलं नव्हतं. पुरतं न वाळलेलं बी प्लास्टिकमध्ये कोंडून आपण मारलं होतं. आपण म्हणजे कोण, हे मी त्या दिवशी स्वतःला नीट विचारलं नाही.

शनिवारी ते मोड डब्यात ओल्या फडक्यावर ठेवून गावी नेले. दादापुढे डबा उघडला. पिशवीत हवा नव्हती, ओल होती, म्हणून ते गेलं. हे बघ, दारावरचं तेच बी रुजलंय, असं सांगितलं. एवढ्यावरून मूठभर रोपं होतील, मुठीचं दोन वर्षांत पोतं होईल, असंही. पिशवी बंद कर असं कोणी सुचवलं होतं ते बोलले नाही.

दादाने डबा हातात घेतला. मोडांना बोट लावलं नाही.

"तुझा तो पेपरातला कागद खोटा व्हता का मग?" त्याने विचारलं.

खोटा नव्हता. मी तसं सांगितलं.

"जपून ठेवलेलं आपलं रुजलं नाय. नि वाऱ्यावर टांगलेलं रुजलं. मग ह्ये आपलंच, कशावरून?"

मी जीवशास्त्राची पदवीधर, अकरा वर्षं शिकवत असलेली. त्याचं उत्तर मला येतं, पण ते पुस्तकातलं येतं. त्याला हवं होतं ते कोणीतरी समोर उभं राहून द्यायचं, आणि असं समोर उभं राहणारं माणूस ना दुकानात होतं, ना कचेरीत. मी उभी होते, पण मीच तर त्याला तो लेख वाचून दाखवला होता. डबा वहिनीने घेतला आणि परसात केळीच्या बुंध्याशी ओतला.

वहिनीच्या भावाने कोलाडकडच्या एका नातलगाकडून रात्याचं बी मिळवून दिलं. दादाने ते परत पाठवलं. ते कोणाच्या शेताशेजारी उभं होतं, कोणी सांगावं. त्या वर्षी शेत पडीक राहिलं. पडीक शेताच्या बांधावर कोण माती टाकणार? पुढच्या वर्षीच्या उधाणाला बांध फुटला आणि खाडी आत आली. खारफुटीची तिवरं वाढली. दादा एका कारखान्याच्या फाटकावर ठेकेदाराचा वॉचमन झाला. खाकी शर्ट घालून तो भरती-ओहोटीच्या वेळा सांगायचा, तिथे त्या कोणाला नको असल्या तरी. दुकानातला तांदूळ घरात आला. तो खाताना दादा पहिला घास बराच वेळ चावायचा. पण खायचा.

मी माझा संशय सोडलेला नाही. तेलाचा डबा, पिठाची पिशवी, मक्याचे दाणे, सगळ्यांवरची बारीक अक्षरं मी वाचते. वाचूनही कळत नाही. मान्यताप्राप्त असतं सगळं. कधी वाटतं, ज्यांनी चार ओळी लिहायच्या त्यांनी एकच लिहिली, म्हणून हे झालं. कधी वाटतं, मी मोठा लेख वाचण्याऐवजी खळ्यावरचा एक दाणा दाताखाली धरून बघितला असता तर पुरलं असतं. दोन्ही खरं असेल. दोन्ही खरं असण्यातच माझी सुटका होत नाही.

दादाच्या तेराव्याला भास्कर आला होता. मागच्या बाजूला बसून पत्रावळी लावत होता. जेवणं उरकल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही वालाच्या, पावसाच्या गोष्टी बोललो. मग ती एकदम म्हणाली की त्या वर्षी पिशवी गरम लागली होती.

मी विचारलं, कधी.

"मार्गशीर्षात. गुरुवारची पूजा मांडत व्हते मी. ह्येंनी पिशवीवर हात ठेवला नि मला बोलावलं. आत चूल पेटल्यागत ऊन लागत व्हती. म्हनाले, बी शिजतंय गो आत. मी म्हटलं, मग सोडा की तार, पसरा उन्हात. तार हातात धरून बसले व्हते बराच येळ."

"मग?"

"मग म्हनाले, नको. बायनं सांगलंय वारा लागू दिऊ नको. ती शिकलेली हाय."

दुकानदार, पिशवी, कचेरी, कोलाडचा नातलग, लहानपणापासूनचा भास्कर, दारावरचं स्वतः बांधलेलं नवं, दादाने या सगळ्यांवर संशय घेतला. स्वतःच्या हातावरही घेतला, ज्याला बियाची ऊब पंचवीस वर्षं कळत होती. माझ्यावर घेतला नाही.

वहिनी उठून भांडी गोळा करायला गेली. मी भास्करच्या शेजारी जाऊन बसले. त्याने विचारलं, "जेवलीस का गो?" मी हो म्हणाले. मग त्याला सांगितलं की वारा लागला नव्हता. उरलेल्या पत्रावळी एकावर एक रचत तो म्हणाला, "मला ठावं व्हतं. पन त्याला कोन सांगनार?"

आमच्या शेतात आता तिवरं आहेत. वहिनी पेणला मुलीकडे असते. घराला कुलूप आहे. त्या नव्यातली दुसरी लोंबी माझ्या टेबलाच्या खणात, कातरणांच्या वहीत आहे. तिला अकरा दाणे उरले आहेत. ते मी भिजवून पाहिलेले नाहीत.